चारशे तेरावी टेस्ट

"फ्रीजमध्ये उणे एक पिशवी कशी काय राहील गं?" प्रणयने माझ्या खुर्चीमागून विचारलं.

"टेस्टचा घोळ आहे," मी म्हणाले आणि स्क्रीनवरचा रिपोर्ट बंद केला.

"घोळ कसला, सरळ लिहिलंय. ओ निगेटिव्ह, शिल्लक उणे एक."

"तू जेवून घे ना. तुझं मशीन मला अजून वीस मिनिटं लागणार आहे."

मे महिन्यातला शेवटचा मंगळवार, दुपारचा दीड. बाहेर नागपूरचं ऊन, आत एक कूलर आणि आठ कॉम्प्युटर. त्यातला माझा एकच. बाकीचे सात जेवणाच्या सुट्टीपुरते माझ्या ताब्यात. सगळे डबे घेऊन मागच्या खोलीत गेले की मी एकेकाच्या खुर्चीवर जाऊन माझा प्रोग्राम सुरू करायची आणि आठही स्क्रीनवर आमचं सॉफ्टवेअर आपोआप चालू लागायचं. फॉर्म भरले जायचे, बटणं दाबली जायची, खुर्च्यांवर मात्र कोणी नाही. चहावाला एकदा दारातच थबकला होता.

ही गोष्ट २०१३ सालची. प्रतापनगरात चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आम्ही चौदा जण रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. रक्तदात्याचं नाव लिहिण्यापासून ते रक्ताची पिशवी रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात पडेपर्यंत सगळं त्यात यायचं. त्यातली एक ओळ जरी बदलली, तरी बाकीचं काही बिघडलं नाही ना हे तपासावं लागे. त्यासाठी चारशे बारा टेस्ट होत्या. टेस्ट म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो माणसासारखं सॉफ्टवेअर वापरून बघतो आणि उत्तर बरोबर आलं तर हिरवी खूण करतो, चुकलं तर लाल. एकीमागून एक अशा चारशे बारा टेस्ट चालायला सव्वासहा तास लागायचे.

"एवढ्या वेळात मी अमरावतीला जाऊन, जेवून परत येतो," असं आमचे मालक देवपुजारी सर म्हणायचे. नागपूरहून दोन तासांवरच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत तीन जूनला आमचं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं होतं. तिथल्या डॉक्टरबाई रोज काहीतरी बदल सुचवायच्या आणि प्रत्येक बदलामागे सव्वासहा तास जायचे. सरांनी मला बोलावून सांगितलं होतं, "मयुरी, आठ मशीनवर एकदम चालव. एका तासाच्या आत आण. आणलंस तर तीन तारखेला कायम केल्याचं पत्र तुझ्या हातात."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सहा महिन्यांच्या अटीवर लागले होते आणि ते सहा महिने मेअखेर संपत होते. हिंगणघाटला बाबांनी अर्ध्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की पोरगी नागपूरला इंजिनियर आहे. कायम नसलेली इंजिनियर, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

काम कागदावर सोपं होतं. चारशे बाराचे आठ भाग करायचे आणि आठ मशीनवर एकाच वेळी सोडायचे. पण या टेस्ट गजभिये मॅडमनी लिहिल्या होत्या, आणि मॅडमनी त्या तुटण्यासाठी लिहिल्याच नव्हत्या.

पुष्पलता गजभिये आमच्यात सगळ्यात वयाने मोठ्या. पन्नाशी ओलांडलेल्या. एका इस्पितळाच्या रक्तपेढीत एकोणीस वर्षं टेक्निशियन होत्या. आम्हा पोरांना रक्तपेढी कशी चालते ते समजावून सांगायला म्हणून सरांनी त्यांना आणलं होतं, आणि समजावता समजावता पंचेचाळिसाव्या वर्षी त्या स्वतःच कोड लिहायला शिकल्या. त्यांच्या टेस्ट म्हणजे रक्तपेढीचा एक अख्खा दिवस होता. पहिली टेस्ट सकाळी आठला फ्रीजचं तापमान लिहायची. तिसरीत एक रक्तदाता यायचा, चाळिसावीत त्याचं रक्त घेतलं जायचं, दीडशेच्या आसपास त्याचा गट तपासून पिशवी फ्रीजमध्ये जायची, तीनशेच्या पुढेमागे ती कोणाला तरी दिली जायची. चारशे बारावी टेस्ट संध्याकाळी फ्रीजमधल्या पिशव्या मोजून रजिस्टर बंद करायची. मधली एक काढली की पुढच्या पन्नास आपटायच्या. आम्ही त्याला 'मॅडमची रांग' म्हणायचो. मॅडमच्या पाठीमागे, अर्थात.

मी काम हातात घेतलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "कर तू. माझी काही हरकत नाही. फक्त काही वेगळं दिसलं तर मला सांगत जा."

पहिल्या दिवशी आठ मशीनवर एकदम सोडल्यावर दीडशेच्या वर टेस्ट लाल झाल्या. रक्तदाता यायच्या आधीच त्याचं रक्त मागितलं जात होतं. मी तीन आठवडे बसून एकेक गाठ सोडवली. शेवटी सगळ्या हिरव्या व्हायला लागल्या. फक्त मधूनच, वीस वेळा चालवलं तर दोन-तीनदा, ती शेवटची मोजणी लाल व्हायची. ओ निगेटिव्ह, शिल्लक उणे एक.

कारण मला लगेच सापडलं. आमच्या टेस्टच्या फ्रीजमध्ये ओ निगेटिव्ह रक्ताची एकच पिशवी होती, नंबर अकराशे सत्तेचाळीस. दोन वेगवेगळ्या टेस्ट ती वापरायच्या. रांगेत चालायच्या तेव्हा पहिली टेस्ट पिशवी घेऊन परत ठेवायची, मग दुसरी घ्यायची. आता दोघी एकदम यायच्या. एका ताटात दोघी जेवायला बसल्या की भांडणार, तसंच हे. मी ताटं वेगळी केली. आठ मशीन, तर आठ रक्तपेढ्या. प्रत्येक मशीनला स्वतःचा फ्रीज, स्वतःच्या पिशव्या, स्वतःचं रजिस्टर. कोणाचा कोणाला धक्का लागायचं कारणच नाही.

बुधवारी दुपारी सत्तेचाळीस मिनिटांत चारशे बाराच्या चारशे बारा हिरव्या झाल्या. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी पुन्हा चालवलं. पुन्हा हिरव्या. तिसऱ्यांदा चालवलं ते नुसतं बघायला मजा येत होती म्हणून.

गुरुवारी गजभिये मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. हातात तो कागद होता ज्यावर त्यांची सही झाल्याशिवाय आमचं सॉफ्टवेअर कुठेच सुरू होत नसे. तपासणी पूर्ण, हरकत नाही, असा.

"मयुरी, प्रणय म्हणून राहिला होता की मंगळवारी उणे एक आलं होतं."

प्रणयच्या पोटात काही म्हणजे काही राहायचं नाही.

"हो मॅडम. टेस्टचा घोळ होता. दोन टेस्ट एकाच पिशवीवर जात होत्या. आता प्रत्येकीला वेगळी रक्तपेढी दिली आहे. गेलं ते."

"तू पाहिलं ना नीट?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग टेबलावर कागद ठेवून, माझ्याच पेनने, वाकून सही केली. "हुशार आहेस," त्या म्हणाल्या. "सव्वासहा तास मी इतकी वर्षं कशी बसून काढत होते कोणास ठाऊक."

शुक्रवारी सरांनी सगळ्यांना मोठ्या स्क्रीनसमोर उभं केलं. आठ मशीन एकदम सुरू झाली, सत्तेचाळीस मिनिटं लोक गप्पा मारत थांबले आणि शेवटी सगळं हिरवं झालं तसं सरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. समोसे आले. मी बाबांना फोन करून सांगितलं की सोमवारी पत्र मिळतंय. बाबा म्हणाले, "कंपनीच्या शिक्क्यासकट मिळेल ना?"

सोमवारी सकाळी कंपनीच्या बोलेरोतून गजभिये मॅडम आणि मी निघालो. सर नागपूरलाच थांबले होते, फोनवर होते. दुपारी बारा वाजता रक्तपेढीचं जुनं रजिस्टर बंद करायचं आणि त्या मिनिटापासून सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर चालवायचं, असं ठरलं होतं.

ट्रस्टचं इस्पितळ दुमजली होतं आणि रक्तपेढी तळमजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला. मी तोवर कधी खरी रक्तपेढी आतून पाहिली नव्हती. सहा महिने रक्तपेढ्यांसाठी काम करत होते आणि आयुष्यात एकदाही रक्त दिलेलं नव्हतं, सुईची भीती वाटते म्हणून. आत दोन टेबलं होती आणि व्हरांड्याकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या. एका खिडकीवर त्याच इस्पितळातल्या रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन यायचे, दुसरीवर गावातल्या बाकीच्या दवाखान्यांतले. प्रत्येक खिडकीपाशी एक टेक्निशियन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. आणि दोन्ही टेबलांच्या मध्ये, भिंतीला लागून, काचेच्या दाराचा एक उंच फ्रीज.

एकच.

डॉक्टर उमाठे या तिथल्या प्रमुख. साठीच्या, बारीक चणीच्या, बोलायला तुटक. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि म्हणाल्या, "बाराला पंचेचाळीस मिनिटं आहेत. बसा, आमचं जुनं काम शेवटचं बघून घ्या."

मी भिंतीला टेकून स्टुलावर बसले. पहिल्या खिडकीवरचे ठवकर नावाचे टेक्निशियन चिठ्ठी वाचून उठले, फ्रीज उघडला, आणि पिशवी हातात घेऊन खोलीभर ऐकू जाईल असे ओरडले, "ए पॉझिटिव्ह, बावीसशे एकतीस, घेतली."

"घ्या," दुसऱ्या खिडकीवरची मुलगी मान वर न करता म्हणाली. मग दोघांनी आपापल्या रजिस्टरमध्ये लिहिलं.

थोड्या वेळाने ती उठली. "बी पॉझिटिव्ह, एकवीसशे नव्वद, घेतली."

"घ्या," ठवकर म्हणाले.

मला वाटलं त्यांचं काहीतरी भांडण आहे, किंवा ठवकरांना कमी ऐकू येतं. तेवढ्यात डॉक्टर उमाठे हसून गजभिये मॅडमना म्हणाल्या, "हे ओरडणं आजपासून बंद. कॉम्प्युटर आला ना आता. दिवसभर डोकं उठवतात दोघं."

मॅडम हसल्या नाहीत. त्या फ्रीजकडे बघत होत्या.

माझा चहा हातातच राहिला. दोन खिडक्या, एक फ्रीज. माझ्या आठही रक्तपेढ्यांमध्ये प्रत्येकी एकच खिडकी होती. मीच तशा बनवल्या होत्या. आणि आता मला ते मंगळवारचं आठवलं जे मी तेव्हाच बघितलं होतं आणि बघितलं नाही असं ठरवलं होतं. दोन टेस्ट एका पिशवीवर गेल्या, हे खरं. पण मग सॉफ्टवेअरने एकीला पिशवी देऊन दुसरीला 'नाही' म्हणायला हवं होतं. दुसरी टेस्ट तिथेच लाल व्हायला हवी होती. तसं झालं नव्हतं. त्या दोन्ही टेस्ट हिरव्या होत्या. दोघींनाही पिशवी मिळाली होती, म्हणून तर शिल्लक उणे एक आली. ओरडून सांगायचं काम आमच्या सॉफ्टवेअरने करायचं होतं आणि ते करत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मंगळवारी हे मला अर्धवट कळलं होतं. पूर्ण कळून घ्यायला तीन-चार दिवस लागले असते आणि तेवढे दिवस माझ्याकडे नव्हते, म्हणून मी कळून घेतलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. आता गप्प राहिलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. वीसमध्ये दोनदा, आणि तेही दोन्ही खिडक्यांवर एकाच क्षणी बटण दाबलं तर. बारा वाजले असते, पेढे आले असते, मला पत्र मिळालं असतं. मी हे सगळं मोजलं. मोजलं नाही असं म्हणणार नाही.

"मॅडम, जरा बाहेर येता का?"

व्हरांड्यात त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी सांगायला लागले, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"हे तुला कधी दिसलं?"

"मंगळवारी."

"गुरुवारी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू हो म्हणाली होती."

"हो मॅडम."

मला वाटलं त्या चिडतील. त्या मात्र वळून आत गेल्या आणि डॉक्टर उमाठेंना म्हणाल्या, "बाराच्या आधी आम्हाला दोन्ही कॉम्प्युटर दहा मिनिटं पाहिजेत. आणि कॉम्प्युटरमध्ये एक खोटी पिशवी टाकून घेते, ओ निगेटिव्ह, एकच."

मॅडम पहिल्या खिडकीवर बसल्या, मी दुसरीवर. दोघींनी एकेका खोट्या रुग्णाचं नाव लिहिलं, तीच पिशवी निवडली.

"ठवकर भाऊ, तुम्ही तीन आकडे मोजा. तीन म्हटलं की आम्ही दाबतो."

"एक, दोन, तीन."

मॅडमच्या प्रिंटरमधून चिठ्ठी आली. माझ्या स्क्रीनवर आलं, पिशवी उपलब्ध नाही. मॅडमनी पिशवी परत ठेवली.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा मला मिळाली, त्यांना नाही. तिसऱ्यांदा त्यांना. सहाव्या-सातव्या वेळी ठवकर कंटाळले आणि मोजणी भराभर करायला लागले. व्हरांड्यात तीन-चार माणसं खिडकीतून आत बघत होती. माझ्या मनात आलं, नसेलच तसं काही, खरंच टेस्टचाच घोळ असेल. मी अगदी मनापासून तसं मागत होते.

तेराव्या वेळी दोन्ही प्रिंटर एकदम वाजले.

डॉक्टर उमाठे उठल्या. त्यांनी मॅडमच्या प्रिंटरमधली चिठ्ठी काढली, मग माझ्या, आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. नाव वेगळं, खिडकी वेगळी, वेळ एकच, पिशवी एकच.

"हे आपण वीस मिनिटांनी सुरू करणार होतो?" त्यांनी विचारलं.

"हो," मॅडम म्हणाल्या. "तपासलंय म्हणून माझी सही आहे."

"मॅडमना माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मला दिसलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही."

डॉक्टर उमाठेंनी माझ्याकडे पाहिलं, मग चिठ्ठ्यांकडे. "ठवकर," त्या म्हणाल्या, "जुनं रजिस्टर काढा परत. आणि ओरडत राहा."

सरांना फोन मीच लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शुक्रवारी मी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, मयुरी." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

परतीच्या वाटेवर ऊन इतकं होतं की डांबर चकाकत होतं. ड्रायव्हरने रेडिओ लावला, मॅडमनी बंद करायला सांगितला. मग त्या खिडकीबाहेर बघतच बोलायला लागल्या.

"आमच्याकडे ओरडायची पद्धत नव्हती आधी. नंतर आली."

"कशाच्या नंतर?"

"अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आमच्याही दोन खिडक्या. दोन रजिस्टर. एका खिडकीवर मी, दुसरीवर आमची एक बाई होती. ओ निगेटिव्हची एकच बॅग राहिली होती. माझ्याकडे एक माणूस आला, श्रावण इंगोले नावाचा. त्याचा भाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनमध्ये सापडला होता. मी रजिस्टर पाहिलं, बॅग आहे. नंबर लिहिला, चिठ्ठी दिली, म्हटलं पैसे भरून या, बॅग घेऊन जा. तेवढ्यात त्या बाईने तिच्या रजिस्टरमध्ये तीच बॅग लिहिली आणि देऊन टाकली. चूक तिचीही नाही. तिच्या रजिस्टरमध्ये होतीच ना बॅग."

"मग?"

"इंगोले परत आला. मी फ्रीज उघडला. नाही. तेव्हा त्याला तोंडावर सांगायचं होतं, भाऊ, नाही आहे, दुसरीकडे जा, अमुक ठिकाणी मिळेल. मी नाही सांगितलं. मला वाटलं शोधते, कुठेतरी असेल, मागच्या फ्रीजमध्ये असेल. लाज वाटली गं. चिठ्ठी तर मीच दिली होती. मी त्याला म्हटलं, थांबा थोडं. तो थांबला. चिठ्ठी हातात धरून खिडकीशी उभा. एक तास चाळीस मिनिटं."

"भाऊ वाचला का त्याचा?" असं ड्रायव्हरनेच विचारलं.

"माहीत नाही. मी विचारायला गेले नाही. आजपर्यंत नाही."

बुटीबोरीच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा मॅडम माझ्याकडे वळल्या.

"तुला मी काय रागावू? चारशे बारा टेस्ट लिहिल्या मी. हिमोग्लोबिन कमी असलं तर काय, पिशवीची तारीख उलटली तर काय, वीज गेली तर काय. दोन खिडक्यांची एकही नाही लिहिली. सगळ्या जणी रांगेत, एकीच्या मागे एक. कोणी कोणाच्या पिशवीला हात लावायचाच नाही. मला वाटायचं मी शिस्तीची आहे." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "तू रांग मोडली म्हणून ते बाहेर आलं. आणि मग तूही झाकलं. दोघी सारख्याच आपण."

दुसऱ्या दिवशी मॅडम नऊच्या आधीच ऑफिसात होत्या. सॉफ्टवेअरमधली चूक प्रणयने दोन दिवसांत काढली. पिशवी एका खिडकीने निवडली की त्या क्षणी ती दुसऱ्या खिडकीसाठी बंद, एवढंच करायचं होतं. पण ती चूक पुन्हा आली तर पकडायला टेस्ट हवी होती, आणि ती मॅडमनी मला बाजूला बसवून स्वतः लिहिली. चारशे तेरावी. बाकीच्या टेस्टना माझ्या आठ वेगळ्या रक्तपेढ्या तशाच राहिल्या. ही एकटीच दोन मशीनवर, एका रक्तपेढीत, एका पिशवीवर, मुद्दाम एकाच क्षणी चालायची. एकदा नाही, दोनशे वेळा.

पहिल्या खिडकीवरच्या माणसाचं नाव त्यांनी काहीतरी टाकलं. दुसरीवर लिहिलं, श्रावण इंगोले.

मग अपेक्षित उत्तर. दुसऱ्या खिडकीने 'पिशवी उपलब्ध नाही' म्हणावं, हे मीच टाइप केलं. मॅडम म्हणाल्या, "पुढे लिही. पाच सेकंदांच्या आत. आणि 'नाही'चीही चिठ्ठी निघावी, तिच्यावर जवळच्या दुसऱ्या रक्तपेढीचा फोन नंबर."

"पाच सेकंदांची अट कशाला, मॅडम? उशिरा सांगितलं तरी उत्तर बरोबरच आहे ना."

"खिडकीबाहेरच्याला नाही बरोबर."

मी लिहिलं. ती टेस्ट तीनदा लाल झाली, कारण सॉफ्टवेअरला 'नाही' म्हणायला सात सेकंद लागत होते. प्रणयने डोकं धरलं. चौथ्यांदा हिरवी झाली. मॅडमनी स्क्रीनला हात लावला आणि उठून चहा प्यायला गेल्या. चौदा जूनला ती रक्तपेढी सुरू झाली. ठवकरांना मॅडमनी सांगून ठेवलं की कॉम्प्युटर आला तरी ओरडणं बंद करायचं नाही.

मला पत्र सप्टेंबरात मिळालं, शिक्क्यासकट. तीन महिने बाबांना काय सांगायचं या विचारात गेले. शेवटी खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं," आणि पाऊस कसा आहे ते विचारलं.

आता मी पुण्यात असते, पण ते सॉफ्टवेअर अजून आमच्याच हातात आहे. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. मॅडम निवृत्त होऊन कामठीला मुलीजवळ राहतात. टेस्ट तीन हजारांच्या वर गेल्या आहेत आणि नऊ मिनिटांत संपतात. दर पावसाळ्यात नवीन भरती होते आणि कोणीतरी एक हुशार मुलगी किंवा मुलगा माझ्याकडे येऊन सांगतो की एक जुनी टेस्ट सगळ्यांना अडवते. बाकीच्या सगळ्या सुटसुटीत वेगवेगळ्या चालतात, ही एकच दोन मशीन धरून बसते, मधूनच पाच सेकंदांवर अर्धा सेकंद गेला म्हणून लाल होते, आणि तिच्यात हे श्रावण इंगोले कोण आहेत?

मी त्यांना काम थांबवून बसायला सांगते आणि हेच सगळं सांगते. ऐकून ते सहसा विचारतात की पत्र तीन महिने उशिरा मिळालं याचं वाईट वाटलं का.

वाटलं होतं. आता त्याचं काही वाटत नाही. एक गोष्ट मात्र अजून मनातून जात नाही. गुरुवारी मॅडमनी मला, वाकून सही करायच्या आधी, अगदी साधा प्रश्न विचारला होता. 'नाही' म्हणायला पाच सेकंद पुरले असते. मी चार दिवस लावले.